डचांची चांदी: डुकॅटन, जावा रुपया आणि पाव गिल्डर

चलनवलन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. राणी छाप, राजा छाप नाण्यांवर इथे भरपूर लिहून झालंय. डचांकडे मात्र कोणी फिरकत नाही, म्हणून हा धागा. विषय चांदीपुरता ठेवतोय. तांब्याच्या डॉइटचा संसार वेगळाच आहे, त्यात शिरलो तर आपण पुढच्या दिवाळीपर्यंत इथेच.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण नवखा माणूस तिथेच गडबडतो. डच ईस्ट इंडिया कंपनी, म्हणजे संग्राहकांची लाडकी 'व्हीओसी', १६०२ साली निघाली आणि १७९९ च्या अखेरीस गुंडाळली गेली. या दोनशे वर्षांत तिची बहुतेक चांदी युरोपातून आशियात आली, इथून तिकडे गेली नाही. इथल्या विणकराला आणि मिरीवाल्याला हॉलंडचा माल नको होता. चांदी मोजा, माल उचला. ही चांदी मुळात मेक्सिको-पेरूच्या खाणींतली, स्पेनमार्गे ॲमस्टरडॅमला पोचलेली. जपानकडूनही डचांना भरपूर मिळायची, पण १६६८ मध्ये जपानने चांदी बाहेर न्यायला बंदी घातली आणि युरोपवरची भिस्त वाढली.

आता ही नाणी गेली कुठे? सुरतेच्या वखारीत पेट्या उतरल्या की माल मुघल टांकसाळीत जायचा आणि रुपये होऊन बाहेर पडायचा. बंगालमध्येही तोच प्रकार. म्हणजे डुकॅटनवरचा (डुकॅटन हे डचांचं मोठं चांदीचं नाणं) हॉलंडचा घोडेस्वार मुशीत गेला आणि बादशहाचं नाव घेऊन बाजारात आला. डच चांदी आपल्याकडे दुर्मीळ आहे ती यामुळे. कमी आली म्हणून नव्हे, आली तशी वितळली म्हणून.

उरलं ते तीन वाटांनी. समुद्राच्या तळाशी गेलेलं, जावात पाडलेलं आणि १८१६ नंतर डच सरकारने स्वतः ईस्ट इंडीजसाठी, म्हणजे आजच्या इंडोनेशियासाठी, काढलेलं. माझं मत असं की सुरुवात तिसऱ्या वाटेने करावी. पाव गिल्डर (गिल्डर म्हणजे डचांचं चलन) घ्या, हात बसू द्या, मग वर चढा. अगदी पहिली नाणी, म्हणजे १६०१ ची ॲमस्टरडॅमची आणि १६०२ ची मिडलबर्गची 'आठ रियाल', स्पॅनिश रियालची सवय असलेल्या आशियाई बाजारासाठी मुद्दाम पाडलेली, ती आपण फक्त लिलावाच्या कॅटलॉगात बघायची. बाजाराने ती फारशी स्वीकारली नव्हती, ही त्यातली गंमत.

कोणाकडे काही असेल तर वर्णन टाका. फोटो चालतील, पण वजन लिहा. वजनाशिवाय फोटो म्हणजे नुसती पत्रिका बघून लग्न.

---

आजीची_पेटी

दादा, वेळेवर धागा काढलात. पणजोबा बोटीवर होते. त्यांच्या पेटीत एक बारीक चांदीचं नाणं आहे, आपल्या जुन्या चार आण्याएवढं. एका बाजूला मुकुट आणि ढाल, ढालीत सिंह, दोन्ही अंगांना १/४ आणि जी, साल १९३०. मागे गोलात अरबीसारखी अक्षरं आणि आणखी एक लिपी, आपल्या मोडीसारखी वळणाची पण मोडी नाही. वजन सोनाराकडे केलं, ३.१ च्या जवळ आलं. एका कडेला खरबरीत डाग आहे. किती किंमत येईल?

---

चलनवलन

ताई, तुमच्याकडे तोच पाव गिल्डर आहे, नेदरलँड्स ईस्ट इंडीजचा. १८५४ पासून १९४५ पर्यंत याचा साचा जवळपास बदललाच नाही. ३.१८ ग्रॅम, १९ मिलिमीटर, चांदी ७२० टचाची, म्हणजे हजारात ७२० भाग. मागची अरबी वळणाची अक्षरं मलय भाषेतली आहेत आणि दुसरी लिपी जावानीज. दोन्हीत 'पाव रुपया'च लिहिलंय.

तुमच्या नाण्यावर सालाच्या आसपास भिंगाने बघा, एक समुद्रघोडा दिसेल. ती टांकसाळ-प्रमुखाची खूण. दुसरीकडे दोन साप गुंडाळलेली काठी, ती उट्रेख्त टांकसाळीची.

खरबरीत डाग बहुतेक डाकाचा असेल. जावात या नाण्यांना कडी लावून ब्रोच आणि गुंड्या करायचे. कडी काढली की असा वण राहतो. किंमतीचं म्हणाल तर आत शुद्ध चांदी २.२९ ग्रॅम. डाकामुळे संग्राहक त्यावर फार काही चढवणार नाही. विकू नका हो, पेटीतच शोभतं.

---

आजीची_पेटी

समुद्रघोडा सापडला!! पोराच्या भिंगातून बघितला, अगदी इवलासा, शेपूट वळवलेला. विकत नाही आता.

---

उट्रेख्तकर

मी नोकरीनिमित्त इथेच असतो, म्हणून आयडी असा. खुणांचा विषय निघालाय तर पाव गिल्डर जमवणाऱ्यांसाठी क्रम देऊन ठेवतो. १८७४ पर्यंत तलवार, मग कुऱ्हाड, १८८८ पासून परशूसारखा भाला, १९०९ पासून समुद्रघोडा, १९३३ पासून द्राक्षांचा घड. साल घासलेलं असलं तरी खुणेवरून काळ पकडता येतो. दुकानदार बऱ्याचदा खूण बघत नाहीत, नुसती सालावारी लावतात. तिथे आपला फायदा.

हारलेमला टेलर्स म्युझियममध्ये नाण्यांचा जुना संग्रह आहे. कोणी इकडे आलं तर अर्धा दिवस काढून जा. डुकॅटन हातात मिळत नाही, पण काचेआडून का होईना, त्याचा थाट कळतो. ४३ मिलिमीटरच्या आसपासचा भरगच्च तुकडा. वर चिलखतातला स्वार, तलवार उपसलेली, घोड्याच्या पायाखाली प्रांताची ढाल. नाण्याच्या मागच्या बाजूला दोन सिंहांनी धरलेली मुकुटाची ढाल.

---

टांकसाळ

डुकॅटनवर थोडी भर घालतो. वजन ३२.७८ ग्रॅम, चांदी ९४१ टच, म्हणजे शुद्ध चांदी ३०.८५ ग्रॅम. हॉलंडात हा ६३ स्टायव्हरला चालायचा (२० स्टायव्हरचा एक गिल्डर) आणि बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, त्याहून चढ्या भावाने. हा फरक खलाशाला कळणार नाही असं होईल का? अधिकाऱ्यापासून आचाऱ्यापर्यंत जो तो लपवून डुकॅटन न्यायचा आणि तिकडे नफा खिशात घालायचा. कंपनीने १७२८ पासून स्वतःच्या डुकॅटनवर व्ही, ओ, सी ही अक्षरं एकात एक गुंफून टाकायला सुरुवात केली, म्हणजे आपली चांदी कुठली आणि चोरटी कुठली ते कळावं. तीच आज संग्राहक शोधतात. १७२८ ते १७५१ या काळातली.

चोरटा व्यापार थांबला का? १७४० मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ गुडविन सँड्सवर बुडालेल्या 'रोस्वाइक' जहाजाच्या उत्खननात भोकं पाडलेली नाणी मिळाली. भोकं कशाला, तर कपड्यात शिवून न्यायला. म्हणजे डुकॅटनला भोक दिसलं की लगेच 'खराब' म्हणून बाजूला टाकू नका. बाजार त्याचे पैसे कापतो ते वेगळं.

---

निवृत्त_खलाशी

धागाकर्त्यांशी असहमत. पाव गिल्डर काय, पोत्याने मिळतात. डच चांदीचा आत्मा समुद्रात आहे. 'आकरेन्डाम' १७२५ मध्ये नॉर्वेच्या रुंडे बेटाजवळ पहिल्याच सफरीत बुडालं, १९७२ ला सापडलं, सुमारे ५७ हजार नाणी वर आली. 'हॉलंडिया' १७४३ मध्ये सिली बेटांजवळ गेलं, १९७१ ला सापडलं, पस्तीस हजारांवर चांदीची नाणी. अशा जहाजाचं एक नाणं हातात घेतलं की बाकी सगळं मिळमिळीत. माझ्याकडे हॉलंडियाचं एक आहे, मेक्सिकोचं, दोन खांबांवाल्या छापाचं. मिठाने खाल्लंय, पण खांब शाबूत.

---

चलनवलन

खलाशीकाका, असहमती मान्य, फक्त एक विचारतो. तुमचं नाणं मेक्सिकोचं आहे. त्याला डच करतं ते सोबतचं प्रमाणपत्र. नाणं बाजूला आणि कागद बाजूला झाला की ते इतर कुठल्याही मेक्सिकन आठ रियालसारखंच. म्हणजे आपण पैसे कागदाला मोजतोय. कागद छापायला टांकसाळ लागत नाही हो.

---

निवृत्त_खलाशी

कागद नीट तपासता येतो राव. गेली कित्येक वर्षं हेच करतोय. पहिली कसोटी तारीख. 'आकरेन्डाम' १७२५ च्या सुरुवातीला बुडालं, आणि आपल्या टांकसाळ साहेबांनी वर लिहिलंच आहे की व्हीओसीची अक्षरं १७२८ पासून. मग 'आकरेन्डाममधून मिळालेला व्हीओसी डुकॅटन' असं कोणी लिहिलं की विक्रेत्याला तिथेच नमस्कार. असंच हॉलंडियाचं. १७४३ च्या पुढचं साल त्यावर असूच शकत नाही. जाहिरातींत असले प्रकार दिसतात, वाचणारे वाचत नाहीत.

दुसरी कसोटी चामडी. समुद्रातल्या चांदीला बारीक खड्डे असतात, पण ते सगळीकडे सारखे नसतात. ढिगाऱ्यात जी बाजू दुसऱ्या नाण्याला चिकटून होती ती बरी राहते, उघडी बाजू झिजते. ॲसिडने मुद्दाम खाल्लेलं नाणं दोन्हीकडून एकसारखं खरबरीत. तिसरी, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा माल. बटाव्हिया (१६२९), वेर्गुल्डे द्राक (१६५६), झाउटडॉर्प (१७१२), ही बुडालेल्या जहाजांची नावं ऐकून भुलू नका. १९७२ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्स सरकारांमध्ये करार झाला आणि तिथला माल मुख्यतः संग्रहालयांत गेला. 'बटाव्हिया जहाजाचं नाणं, स्वस्तात' अशी जाहिरात दिसली तर माणूस ओळखून असा.

---

मिठबाव_एक्सप्रेस

अवांतर वाटेल, पण विचारतोच. आमच्या वेंगुर्ल्याला डचांची वखार आहे, भिंती अजून उभ्या आहेत, आत झाडोरा. लहानपणी तिथे क्रिकेट खेळलोय. १६३७ ची म्हणतात. तिथे डच नाणी कधी सापडली असतील का? आजूबाजूच्या गावांत हंडा सापडल्याच्या कथा रग्गड आहेत.

---

टांकसाळ

अवांतर कसलं, आपल्या महाराष्ट्राचा या विषयाशी सगळ्यात थेट संबंध तोच आहे. १६३६ ते १६४४ डचांच्या आरमाराने गोव्याची नाकेबंदी केली होती. त्या गलबतांना पाणी, दाणागोटा, खबरी पुरवायला वेंगुर्ला सोयीचं. म्हणजे ती नुसती व्यापाराची वखार नव्हती, पोर्तुगीजांवर बसवलेली चौकी होती.

नाण्यांचं म्हणाल तर तिथे व्हीओसीचा शिक्का असलेली चांदी शोधू नका. कंपनीच्या शिक्क्याचा डुकॅटन यायला अजून नव्वद वर्षं होती. तेव्हा त्या किनाऱ्यावर स्पॅनिश रियाल आणि लारी चालायची. लारी म्हणजे चांदीची तार दुमडून त्यावर ठसा. विजापूरकरांनीही ती पाडली. पेटीत वाकडी चांदीची तार सापडली तर मोडीत घालू नका एवढंच सांगतो. हंडा सापडलाच तर १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा आहे, कलेक्टरला कळवावं लागतं. म्हणून कथा रग्गड आणि हंडे गायब.

---

तिरकस_पाटील

सगळं छान, पण एक खुपतंय. जायफळासाठी डच कंपनीचा गव्हर्नर-जनरल कून याने १६२१ मध्ये इंडोनेशियातली बांदा बेटं जवळजवळ ओस पाडली. माणसं मारली, उरलेली गुलाम करून नेली. त्या कंपनीचा शिक्का असलेलं नाणं मखमलीत ठेवून मिरवायचं? उद्या कोणी म्हणेल ईस्ट इंडिया कंपनीचा झेंडा घरात लावा.

---

चलनवलन

पाटील, मिरवायला कोण सांगतंय. मी या नाण्यांबरोबर चिठ्ठी ठेवतो, त्यात बांदाही आहे. आपण मुघलांचे रुपये जमवतो, पोर्तुगीजांचे झेराफिन जमवतो. त्यांनी काय आरत्या ओवाळल्या होत्या? नाणं झाकून ठेवलं म्हणून बांदाचे लोक परत येणार नाहीत. उलट व्हीओसी म्हणजे काय हे पोरांना त्या शिक्क्यामुळेच विचारावंसं वाटतं. माझ्या पुतण्याने विचारलं, त्याला बांदाच सांगितलं आधी.

---

तिरकस_पाटील

चिठ्ठीचं आवडलं. पण 'दुर्मीळ, रॉयल, हेरिटेज' असल्या जाहिरातींना माझा विरोध कायम.

---

सुराबाया_रिटर्न

काही वर्षं जावात होतो, म्हणून दोन शब्द. जावा रुपयाबद्दल अजून कोणी लिहिलं नाही. अठराव्या शतकात बटाव्हियात पाडलेला हा रुपया बघितला तर पहिल्या नजरेत कोणी डच म्हणणार नाही. दोन्ही बाजूंना अरबी अक्षरं, एकीकडे डच कंपनीचा उल्लेख आणि दुसरीकडे 'मोठ्या जावा बेटासाठी'. सालही आहे, पण ते इसवी सन, हिजरी नव्हे. घोडेस्वार नाही, सिंह नाही. आशियात चालायचं तर आशियाई दिसायला हवं, हे सोळाशे एकच्या रियालनंतर उशिरा का होईना त्यांना उमगलं. मला वैयक्तिक विचाराल तर डुकॅटनपेक्षा हा जास्त आवडतो.

एक सावधगिरी. १८११ ते १८१६ जावा इंग्रजांकडे होतं. त्या काळात सुराबायाला इंग्रज कंपनीने रुपये पाडले, त्यावर एका बाजूला जावानीज आहे. लिलावात दोन्ही 'जावा रुपया' म्हणूनच येतात. अशा रुपयावर जावानीज अक्षर दिसलं तर तो डच नाही.

जकार्तात जालान सुराबाया नावाचा जुन्या वस्तूंचा बाजार आहे. फिरायला झकास, पितळी दिवे आणि जहाजांची घंटा बघा, चहा प्या. चांदीची मोठी नाणी तिथून घेऊ नका. ढिगाने मिळणारा अडीच गिल्डर हा बहुतेक वेळा कालच ओतलेला असतो. खरे पाव आणि दशांश गिल्डर मात्र तिथेही मिळतात, कारण त्यांची नक्कल करणं परवडत नाही.

---

आजीची_पेटी

खोटं कसं ओळखायचं ते कोणीतरी एकदा नीट सांगा ना. चुंबकाला चिकटलं नाही म्हणजे खरं, असं आमचे शेजारी म्हणतात.

---

टांकसाळ

ताई, चुंबकाला पितळही चिकटत नाही. घरच्या घरी करायची पाण्याची परीक्षा सांगतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा हवा. उदाहरणाला १९४३ चा अडीच गिल्डर घेऊ. वजन २५ ग्रॅम, चांदी ७२० टच. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणायचा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचं, पण तळाला आणि कडेला टेकू द्यायचं नाही. बुडबुडा चिकटला तर हलवून काढायचा. काटा २.५ च्या आसपास दाखवेल. २५ भागिले २.५ म्हणजे घनता १०, या मिश्रणाला तेवढीच हवी. तांबं-निकेलचं खोटं असेल तर काटा २.८ कडे जाईल. डुकॅटनला चांदी जास्त, म्हणून घनता १०.४ च्या जवळ, काटा साधारण ३.१६. पाव गिल्डर मात्र फार हलका, घरच्या काट्यावर चुकीला वाव राहतो, त्याचा निकाल छापावरून लावा.

नंतर कडा. अडीच गिल्डरच्या कडेवर 'देव आमच्यासोबत असो' या अर्थाची डच ओळ कोरलेली असते. ओतीव नाण्यात ती अक्षरं फुगीर, अर्धवट दिसतात आणि कडेला फाईल मारल्याच्या रेघा सापडतात. भिंग घेऊन आधी कड बघायची, तोंडाकडे नंतर. सगळे जण तोंड बघून भुलतात.

आणि हात जोडून विनंती, घासू नका. रिठा नको, चिंच नको, टूथपेस्ट तर अजिबात नको. काळं पडलेलं राहू द्या.

---

उट्रेख्तकर

१९४३ चा विषय निघालाच आहे तर. हॉलंड १९४० पासून जर्मनांच्या ताब्यात, जावा मार्च १९४२ मध्ये जपान्यांच्या हातात गेला. म्हणजे टांकसाळही नाही आणि वसाहतही नाही, तरी नाणी निघत होती, ती अमेरिकेत. पाव गिल्डरवर १९४१ पासून फिलाडेल्फियाचा 'पी' किंवा सॅन फ्रान्सिस्कोचा 'एस' दिसतो, सोबत ताडाचं झाड. १९४३ चा एक आणि अडीच गिल्डर डेन्व्हरचा, त्यावर 'डी'. विल्हेल्मिना राणी तीच, साचा हॉलंडच्या नाण्याचाच, ईस्ट इंडीजचं नावही नाही. हे झाड आणि 'डी' दिसलं नाही तर लोक ते साधं हॉलंडचं नाणं म्हणून विकतात. शोधणाऱ्याने यावर नजर ठेवावी.

कुरासाव आणि सुरीनाम या अमेरिकेकडच्या डच वसाहतींसाठीही त्याच काळात ताडाच्या खुणेची १० आणि २५ सेंट निघाली. कुरासावची स्वतःची १९०० ची पाव गिल्डर आणि १९०१ ची दशांश गिल्डर ६४० टचाची, म्हणजे ईस्ट इंडीजपेक्षा हलकी चांदी. कॅरिबियनमधले कापलेले रियाल, पाचरीसारखे तुकडे करून शिक्का मारलेले, ते फारच खोट्यांनी भरलेत. मी त्या वाटेला जात नाही.

---

मिठबाव_एक्सप्रेस

वाचनखूण साठवली. एक शंका, बाहेरून मागवलं आणि मग परत विकायचं झालं तर?

---

चलनवलन

आणताना सीमाशुल्क भरा, पावती जपून ठेवा. बाहेर पाठवणं हा मोठा अडथळा. १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरातन वस्तूत मोडतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे डुकॅटन एकदा इथे आला की इथल्याच बाजारात विकायचा, आणि इथे त्याचे गिऱ्हाईक मोजके. म्हणूनच मी म्हणतो की पाव गिल्डरपासून सुरुवात करा. त्यातही १९३० च्या पुढची अजून शंभरीत गेलेली नाहीत.

खलाशीकाका, तुमच्या हॉलंडियाच्या नाण्याचा फोटो टाका ना. खांबांच्या दोन्ही बाजू दाखवा, कागद नको.

---

निवृत्त_खलाशी

टाकतो. नातू घरी आला की. त्याच्या मोबाइलचा कॅमेरा चांगला आहे. आणि कागदाचाही टाकणार, तुम्ही नको म्हणालात म्हणून मुद्दाम.